बिंबाणूंचे आकारमान आणि रक्तातील कोलेस्टेरॉल : एका सहसंबंधाची चिकित्सा

१

रक्तातील बिंबाणूंचे सरासरी आकारमान आणि त्याच रक्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण यांच्यात काही नियत संबंध आहे काय, हा प्रश्न गेल्या चार दशकांत वैद्यकीय नियतकालिकांतून पुनःपुन्हा विचारला गेला आहे. त्याची उत्तरे काही होकारार्थी आली, काही नकारार्थी आली; परंतु दोन्ही प्रकारच्या उत्तरांमागील पुरावा कोणत्या दर्जाचा आहे, ह्याची तपासणी त्या मानाने थोड्यांनीच केली. प्रस्तुत लेखाचा हेतू ही तपासणी करण्याचा आहे. नवा प्रयोग येथे मांडावयाचा नाही. झालेल्या प्रयोगांवरून काढलेली अनुमाने त्या प्रयोगांना पेलतात की नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

बिंबाणू म्हणजे ज्यांना आज घरोघर ‘प्लेटलेट’ ह्या नावाने ओळखतात ते रक्तातील सूक्ष्म कण. रक्ताच्या सर्वसाधारण तपासणीत यंत्र त्यांची संख्या मोजते आणि त्याच वेळी त्यांचे सरासरी घनफळही काढून देते. ह्या दुसऱ्या आकड्यासाठी वेगळे रक्त लागत नाही, वेगळे शुल्क पडत नाही, वेगळे श्रमही होत नाहीत. कोलेस्टेरॉलची तपासणीही आता सर्रास होते. तेव्हा पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन तयार रकाने पडलेले असतात. ते शेजारी शेजारी मांडावयाचे आणि सहसंबंध काढावयाचा, की प्रबंध सिद्ध झाला. ही सुलभता हेच ह्या विषयावरील विपुल लेखनाचे एक कारण आहे, आणि तेच त्याच्या दौर्बल्याचेही कारण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ह्यात गुंतलेले हित केवळ विद्यार्थ्याचे नाही. बिंबाणूंच्या आकारमानावरून हृद्रोगाचा धोका ओळखता येतो, असे एकदा मान्य झाले, म्हणजे त्या आकड्यावरून एखाद्या रोग्यास निष्कारण भीती घातली जाईल. आणि ज्याचे कोलेस्टेरॉल खरोखर वाढलेले आहे अशा दुसऱ्या रोग्यास, बिंबाणू लहान आहेत म्हणून, खोटा दिलासा दिला जाईल. ह्यांतील दुसरा प्रमाद पहिल्याहून अधिक घातक होय.

२

प्रथम ह्या कल्पनेची वंशावळ पाहू. इटालीतील जूलिओ बित्सोत्सेरो ह्यांनी १८८२ साली बिंबाणू हे रक्तातील स्वतंत्र घटक असून रक्तस्राव थांबविण्यात आणि रक्ताची गुठळी बनण्यात त्यांचा भाग असतो, हे दाखविले. अमेरिकेतील जेम्स होमर राइट ह्यांनी १९०६ साली त्यांचा उगम अस्थिमज्जेतील ‘मेगाकॅरिओसाइट’ नावाच्या प्रचंड पेशींत आहे, असे प्रतिपादन केले. ह्या पेशींच्या द्रव्याचे लांब तंतू मज्जेतील रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांचे तुकडे होऊन बिंबाणू तयार होतात. बिंबाणूला केंद्रक नसते. त्याचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे, व्यास मीटरच्या दोन ते तीन दशलक्षांश, आणि सरासरी घनफळ बहुतेक निरोगी माणसांत साडेसात ते साडेअकरा फेम्टोलिटर असते.

दुसरी शाखा कोलेस्टेरॉलची. निकोलाय आनिच्कोव्ह ह्यांनी १९१३ साली सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत विलेप निर्माण करून दाखविला. १९४८ साली सुरू झालेल्या फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीने मनुष्यांमध्ये रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृद्रोग यांचा संबंध प्रस्थापित केला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील प्रयोगात ४,४४४ रोग्यांवर सिंव्हास्टॅटिनचा उपयोग करून पाहिला. त्यात एकूण मृत्यूंचे प्रमाण सुमारे शेकडा ३० ने घटले, आणि कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या उपयुक्ततेविषयीचा मोठा वाद मिटला.

रोहिणीतील विलेप फुटतो आणि त्यावर बिंबाणूंची गुठळी जमते, तेव्हा हृदयविकाराचा झटका येतो. एका घटनेत दोन्ही शाखा एकत्र येतात. मग कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाचे बिंबाणूही बदललेले असतील काय, हा प्रश्न स्वाभाविकपणेच उत्पन्न होतो. त्याचा एक भाग समाधानकारक रीतीने सुटलेला आहे. कार्व्हाल्यो, कोलमन आणि लीस ह्यांनी १९७४ साली रक्तातील स्निग्धप्रथिने वाढलेल्या रोग्यांच्या बिंबाणूंच्या कार्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शॅटिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रयोगशाळेत बिंबाणूंच्या पटलात कोलेस्टेरॉल मिसळून दाखविले, की असे बिंबाणू चेतक द्रव्यांना अधिक तीव्र प्रतिसाद देतात. म्हणजे कोलेस्टेरॉलमुळे बिंबाणूंची वृत्ती पालटते, ह्याला प्रायोगिक आधार आहे. प्रश्न उरतो तो आकारमानाचा.

वृत्तीकडून आकारमानाकडे येण्याचा मार्ग कारपाटकिन ह्यांच्या १९६९ मधील कार्यातून जातो. सर्व बिंबाणू सारखे नसतात, मोठे व जड बिंबाणू लहानांपेक्षा अधिक कार्यक्षम असतात, असे त्यांनी दाखविले. त्यापुढे १९९१ साली मार्टिन, बाथ आणि बर ह्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,७१६ पुरुषांच्या पाहणीत असे नोंदविले, की ज्यांचे बिंबाणू मोठे होते त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक होते. ह्या दोन गोष्टी जोडून एक सुटसुटीत साखळी तयार झाली : कोलेस्टेरॉल वाढले की बिंबाणू मोठे होतात, मोठे झाले की उतावीळ होतात, उतावीळ झाले की गुठळी धरतात. साखळी आकर्षक आहे. तिची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे ओढून पाहणे अवश्य आहे.

३

पहिली कडी मोजमापाची. वॉलेस कूल्टर ह्यांना १९५३ साली ज्या तत्त्वाचे एकस्व मिळाले, त्यावर आजची बहुसंख्य यंत्रे चालतात. विद्युद्वाही द्रवातून सूक्ष्म छिद्रावाटे कण जाऊ लागला, की तो आपल्या घनफळाइतका द्रव बाजूला सारतो आणि तेवढ्यापुरता विद्युत्प्रवाहास होणारा रोध वाढतो. ह्या वाढीवरून घनफळ कळते. तत्त्व निर्दोष आहे. पण ते छिद्रातून जाणाऱ्या कणाचे त्या क्षणीचे घनफळ सांगते, शरीरातील घनफळ सांगत नाही.

हा भेद येथे निर्णायक ठरतो. तपासणीसाठी घेतलेले रक्त गोठू नये म्हणून नळीत ई.डी.टी.ए. नावाचे द्रव्य घातलेले असते. त्याच्या सान्निध्यात बिंबाणू आपला चपटा, तबकडीसारखा आकार सोडून गोल होऊ लागतात आणि फुगतात. रोधतत्त्वावर चालणाऱ्या यंत्रात त्यामुळे सरासरी घनफळ पहिल्या काही तासांतच शेकडा पाच-दहाने, कधी त्याहूनही अधिक, वाढलेले दिसते. ज्या यंत्रांत प्रकाशाच्या विकिरणावरून घनफळ काढतात, त्यांत फुगलेल्या बिंबाणूंची घनता कमी झाल्यामुळे आकडा उलट घटलेलाही दिसू शकतो. म्हणजे एकाच नळीतले रक्त, एकाच दिवशी, दोन यंत्रांवर दोन विरुद्ध दिशांनी सरकते. म्हणूनच रक्त काढल्यापासून मोजणीपर्यंतचा काळ निश्चित ठेवावा, तो साधारण दोन तासांच्या आत असावा, असा आग्रह ह्या विषयातील जाणकारांनी धरला आहे.

आता ह्याची तुलना शोधल्या जाणाऱ्या फरकाशी करू. चू आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. हृदयविकाराचा झटका आलेल्या आणि न आलेल्या व्यक्तींच्या सरासरी बिंबाणू-घनफळातील फरक त्यांना ०.९२ फेम्टोलिटर आढळला. हा आकडा कोलेस्टेरॉलचा नव्हे; तो ह्या क्षेत्रातील एका गंभीर आणि ठळक अवस्थेचा आहे, एवढ्यासाठीच येथे घेतला. सामान्य घनफळाच्या तो शेकडा दहाच्या आसपास भरतो. म्हणजे नळी टेबलावर पडून राहिल्यामुळे जेवढा फरक पडू शकतो, तेवढाच फरक प्रत्यक्ष झटक्यामुळे पडलेला दिसतो. कोलेस्टेरॉलचा परिणाम ह्याहून लहान असण्याचाच संभव अधिक. तेव्हा तो शोधण्यासाठी किती काटेकोर व्यवस्था हवी, हे सांगावयास नको.

येथे असे म्हणता येईल, की मोजणीतील चूक दोन्ही गटांत सारखीच होणार. मग तुलनेत ती परस्पर रद्द होईल. हा युक्तिवाद चूक यदृच्छेने विखुरलेली असते तेव्हा खरा असतो. प्रत्यक्षात ती तशी असतेच असे नाही. कोलेस्टेरॉलच्या तपासणीसाठी रोगी उपाशीपोटी सकाळी येतात. बाह्यरुग्ण विभागात एकदम शंभर नळ्या गोळा होतात. त्या खोक्यात भरून प्रयोगशाळेत जातात आणि ओळीने मोजल्या जातात. तुलनेच्या गटातील निरोगी व्यक्ती बहुधा विद्यार्थी, परिचारिका अथवा कर्मचारी असतात. त्यांचे रक्त सवडीने काढून तेथल्या तेथे मोजले जाते. अशा वेळी रोग्यांचे बिंबाणू मोठे निघाले, तर त्याचे श्रेय कोलेस्टेरॉलला द्यावयाचे की खोक्याला? ज्या निबंधात रक्त काढण्याची आणि मोजण्याची वेळ नोंदलेली नाही, त्याने हा प्रश्न स्वतःवर ओढवून घेतला आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचे साधनही त्याच्यापाशी उरलेले नाही. बेयान ह्यांनी प्रसिद्ध निबंधांतील ह्याच उणिवेकडे वारंवार लक्ष वेधले. नोरिस, मेलाझ्झिनी आणि बाल्दुइनी ह्यांनी २०१६ मध्ये घेतलेल्या आढाव्यातही, आनुवंशिक महाबिंबाणुविकार ओळखण्यापलीकडे ह्या मापनाचा वैद्यकीय उपयोग सिद्ध मानण्यास नकार दिला.

ह्यात आणखी एक भर घालावयास हवी. ज्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइडे अतिशय वाढलेली असतात, त्यांचे रक्तद्रव दुधाळ होते आणि त्यातील स्निग्ध थेंब यंत्राला बिंबाणूंसारखे भासू शकतात. म्हणजे ज्या द्रव्याचा परिणाम पाहावयाचा, तेच द्रव्य कधी कधी मापकाची फसवणूक करते.

४

दुसरी कडी आकडेशास्त्राची. दोन गुणांतील सहसंबंधाचा गुणांक ०.२ आला, तर एका गुणाच्या विचलनापैकी शेकडा चारच विचलनाचा उलगडा दुसऱ्यावरून होतो. तथापि व्यक्तींची संख्या शंभर असली, की रूढ कसोटीनुसार हाच गुणांक ‘सार्थ’ ठरतो. आकडेशास्त्रातील सार्थ म्हणजे वैद्यकातील अर्थपूर्ण नव्हे, हे प्रत्येक विद्यार्थी पाठ्यपुस्तकात वाचतो. निष्कर्ष लिहिताना ते विसरतो. शिवाय एकूण कोलेस्टेरॉल, कमी घनतेचे, जास्त घनतेचे, ट्रायग्लिसराइडे आणि त्यांची परस्पर गुणोत्तरे असे सात-आठ आकडे एकाच घनफळाशी ताडून पाहिले, तर त्यांतील एखादा योगायोगानेही जुळून येण्याची शक्यता बरीच वाढते. आणि त्यांपैकी एक आकडा पुष्कळदा मोजलेला नसतोच : कमी घनतेचे कोलेस्टेरॉल बहुतेक ठिकाणी १९७२ च्या फ्रीडेवाल्ड सूत्रानुसार इतर तीन आकड्यांवरून काढलेले असते. त्यामुळे हे आकडे परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे मानून केलेला हिशेब मुळातच सैल असतो.

तिसऱ्या घटकांचा प्रश्न याहून अवघड आहे. मधुमेह, स्थूलता, धूम्रपान व उच्च रक्तदाब ह्या अवस्थांमध्ये बिंबाणू मोठे असल्याच्या नोंदी आहेत, आणि ह्याच अवस्थांमध्ये रक्तातील स्निग्ध द्रव्यांचे संतुलनही बिघडते. तेव्हा कोलेस्टेरॉल आणि बिंबाणू हे एकाच आळीतून येणारे दोन पांथस्थ असू शकतील. त्यांतला एक दुसऱ्याचा हात धरून आला, असे म्हणण्यास वेगळा पुरावा हवा. जर्मनीतील गुटेनबर्ग आरोग्य पाहणीत सुमारे पंधरा हजार व्यक्तींचा अभ्यास झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पुरुषांच्या बाबतीत धूम्रपान, उच्च रक्तदाब व वाढलेली रक्तशर्करा, आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्या व मासिक पाळी, हे बिंबाणूंच्या वाढीव आकारमानाशी संबद्ध घटक म्हणून पुढे आले. लहान अभ्यासांत ज्याला नायकाची भूमिका दिली गेली ते कोलेस्टेरॉल ह्या यादीच्या अग्रभागी नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

एक घटक तर अगदी जवळचा असूनही दुर्लक्षिला जातो. बेसमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखविले, की निरोगी माणसांत बिंबाणूंची संख्या आणि त्यांचे आकारमान यांचे नाते व्यस्त असते. संख्या थोडी तेथे आकार मोठा. म्हणून संख्येचा विचार बाजूस ठेवून केवळ आकारमानाची तुलना करणे म्हणजे उंची न पाहता माणसांचे वजन ताडण्यासारखे आहे.

५

तिसरी कडी कारणाची. कोलेस्टेरॉलने बिंबाणू मोठा व्हावा कसा? सर्वांत सरळ कल्पना अशी, की पटलात कोलेस्टेरॉल साठते आणि त्यामुळे बिंबाणू वाढतो. ह्या कल्पनेचा ढोबळ हिशेब करून पाहता येतो. नऊ फेम्टोलिटरच्या तबकडीचे बाह्य क्षेत्रफळ सुमारे २५ वर्ग-मायक्रोमीटर भरते. पटलाची जाडी एका मायक्रोमीटरच्या हजार भागांपैकी सात-आठ भाग. दोहोंचा गुणाकार केला, की संपूर्ण बाह्य पटलाचे घनफळ ०.२ फेम्टोलिटरच्याही आत, म्हणजे बिंबाणूच्या शेकडा दोनच्या आसपास, येते. आणि कोलेस्टेरॉल हा त्या पटलाचा केवळ एक अंश. आतील नलिकांचे पटल हिशेबात धरले तरी निष्कर्ष पालटत नाही. कोलेस्टेरॉलच्या नुसत्या भरण्याने बिंबाणूचे घनफळ एका फेम्टोलिटरने वाढणे शक्य नाही. ती वाढ खरी असेल, तर ती बिंबाणू जन्मास येतानाच, म्हणजे अस्थिमज्जेत, घडली पाहिजे.

मज्जेतील पुरावा आहे, आणि तो दुर्लक्षणीय नाही. कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांच्या व गिनीपिगांच्या मेगाकॅरिओसाइट पेशींत बदल होतात, असे १९८५ च्या सुमाराच्या प्रयोगांत आढळले. पथनसाली, स्मिथ आणि बाथ ह्यांनी २००१ मध्ये कोलेस्टेरॉल वाढलेल्या रोग्यांत मेगाकॅरिओसाइट आणि बिंबाणू ह्यांचा एकत्रित विचार केला व बिंबाणू मोठे असल्याचे नोंदविले. २०१३ साली मर्फी, टॉल आणि सहकाऱ्यांनी उंदरांत एक यंत्रणाच उलगडून दाखविली. मेगाकॅरिओसाइटांच्या पूर्वज पेशींतून कोलेस्टेरॉल बाहेर टाकणारे एबीसीजी-४ नावाचे प्रथिन नसले, की त्या पेशींच्या पृष्ठभागावर थ्रॉम्बोपोएटिनचे ग्राहक वाढतात आणि बिंबाणूंचे उत्पादन वाढते. जास्त घनतेची स्निग्धप्रथिने टोचली असता हे उत्पादन कमी करता आले. हा शोध मोलाचा आहे. परंतु तो नीट वाचला पाहिजे : तेथे वाढली ती मुख्यतः बिंबाणूंची संख्या. संख्या व आकारमान यांचे नाते सामान्यतः व्यस्त आहे, हे ध्यानात घेता, ह्या प्रयोगाला आकारमानाच्या सिद्धांताचा साक्षीदार म्हणून उभे करणे योग्य नव्हे.

निसर्गाने स्वतः केलेले दोन प्रयोग मात्र ह्या बाबतीत अधिक स्पष्ट बोलतात. सिटोस्टेरॉलेमिया नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक विकारात एबीसीजी-५ अथवा एबीसीजी-८ ह्या जनुकांतील दोषामुळे अन्नातील वनस्पतिजन्य स्टेरॉल द्रव्ये शरीरात साठतात. अशा रोग्यांचे बिंबाणू ठळकपणे मोठे व संख्येने थोडे असतात. स्टेरॉलांचे शोषण रोखणारे एझेटिमाइब हे औषध दिले असता संख्या वाढते व आकारमान घटते. म्हणजे स्टेरॉल द्रव्ये बिंबाणूंचे आकारमान पालटू शकतात, ही गोष्ट निःसंशय आहे. पण ही द्रव्ये वनस्पतींची. कोलेस्टेरॉल हे त्यांचे भावंड असले तरी तेच नव्हे.

दुसरा प्रयोग कौटुंबिक कोलेस्टेरॉलवृद्धीचा. ब्राउन आणि गोल्डस्टीन ह्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनासाठी मिळाले, त्याचा हा विषय. ह्यात कमी घनतेच्या स्निग्धप्रथिनांचा ग्राहक सदोष असतो. आईवडील दोघांकडूनही दोष आलेल्या मुलांत उपचारापूर्वी त्या कोलेस्टेरॉलचे प्रमाण दर १०० मिलिलिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकते. रक्तातील कोलेस्टेरॉलने बिंबाणू मोठे होत असते, तर ह्या मुलांचे बिंबाणू प्रचंड असावयास हवे होते. ते तसे असणे हे ह्या विकाराचे लक्षण नाही. उलट, त्वचेवर स्निग्ध गाठी असलेल्या मुलाचे बिंबाणू अतिमोठे व थोडे दिसले, तर वैद्याने कौटुंबिक कोलेस्टेरॉलवृद्धीऐवजी सिटोस्टेरॉलेमियाची शंका घ्यावी, असे मानले जाते. ज्या चिन्हाच्या अभावाने एक रोग दुसऱ्यापासून ओळखला जातो, ते चिन्ह त्या पहिल्या रोगाचा स्वाभाविक परिणाम कसे असेल? प्रस्तुत लेखकाच्या मते मोठ्या परिणामाच्या सिद्धांताविरुद्ध हा सर्वांत सबळ आक्षेप होय. सौम्य परिणामाची शक्यता त्याने नाहीशी होत नाही, हे अर्थात मान्य केले पाहिजे.

६

चौथी कडी उपचाराची. रोसुव्हास्टॅटिन दिल्यावर बिंबाणूंचे आकारमान घटले, असा निष्कर्ष चोबान आणि अफाजान ह्यांनी २००८ साली मांडला. औषधाने कोलेस्टेरॉल उतरले, त्याबरोबर बिंबाणूही लहान झाले; तेव्हा कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे त्यावरून अनेकांनी गृहीत धरले. ह्या अनुमानास तीन अडथळे आहेत. स्टॅटिन वर्गातील औषधे कोलेस्टेरॉल उतरविण्याबरोबरच शरीरातील दाहही कमी करतात. परिणाम कोणत्या मार्गाने झाला, हे केवळ आधीच्या व नंतरच्या आकड्यांवरून कळत नाही. दोन मोजण्यांत काही आठवड्यांचे अंतर असते. तेवढ्या अवधीत यंत्राचे अंशांकन किंचित सरकले, तरी त्याच प्रमाणात फरक दिसतो. आणि ज्यांचे आकडे प्रथम टोकाचे होते अशांना निवडले असेल, तर दुसऱ्या वेळी ते आपोआपच सरासरीकडे झुकतात.

वस्तुतः काळाची कसोटी येथे उत्तम उपयोगी पडली असती. कोलेस्टेरॉल रक्तद्रवातून तयार बिंबाणूंच्या पटलात ये-जा करते. तेव्हा परिणाम तेथे होत असेल, तर बदल लवकर दिसावा. परिणाम मज्जेत होत असेल, तर जुने बिंबाणू जाऊन नवे येईपर्यंत, म्हणजे निदान आठ-दहा दिवस, बदल पूर्णपणे दिसता कामा नये. औषध सुरू केल्यावर ठराविक अंतराने चार-पाच वेळा मोजणी केली, तर दोन्ही तर्कांत निवड करता येईल. सहा महिने औषध देऊन एकदा मोजणे सोपे असते; पण त्यातून हे ज्ञान मिळत नाही.

शेवटची कडी आकारमान आणि वृत्ती यांच्यातील. मोठा बिंबाणू म्हणजे तरुण व चपळ, हे समीकरण इतके रूढ झाले आहे, की त्याला पुरावा मागणेही अप्रस्तुत वाटावे. पण टॉम्प्सन, जॅकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखविले, की बिंबाणूचे वय आणि आकारमान हे त्याच्या कार्यक्षमतेचे दोन स्वतंत्र निर्णायक आहेत. शॅटिल ह्यांच्या प्रयोगात तर बिंबाणूंचे उतावळेपण पटलातील कोलेस्टेरॉलने निर्माण झाले. त्यासाठी मोठ्या बिंबाणूंचा जन्म व्हावा लागला नाही. तेव्हा कोलेस्टेरॉलचा बिंबाणूंवर होणारा खरा अनिष्ट परिणाम आकारमान मुळीच न बदलताही घडू शकतो. ज्या मापाने तो परिणाम दिसणारच नाही, त्या मापाच्या सामान्यपणावर विसंबून राहणे हा तो मघाशी उल्लेखिलेला घातक प्रमाद.

७

आपल्याकडील संशोधकाने ह्या प्रश्नाकडे पाहताना दोन गोष्टी विशेष ध्यानी घ्याव्यात. महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत शेकडा १३.९ व्यक्तींत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. ट्रायग्लिसराइडे वाढलेल्यांचे प्रमाण शेकडा २९.५ होते, आणि जास्त घनतेचे, म्हणजे उपकारक, कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांचे प्रमाण शेकडा ७२.३ इतके होते. म्हणजे आपल्या समाजातील मुख्य विकृती पाश्चात्त्य निबंधांतील विकृतीहून वेगळी आहे. त्यांचा प्रश्न उचलून आपल्या रोग्यांना विचारण्याऐवजी, उपकारक कोलेस्टेरॉलच्या न्यूनतेचा बिंबाणूंच्या निर्मितीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न येथे अधिक स्वाभाविक आहे. आणि मर्फी व टॉल ह्यांच्या प्रयोगाचा रोखही त्याच दिशेला आहे.

दुसरी गोष्ट जनसमूहातील भेदांची. २००५ साली नैना, हॅरिस आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील निरोगी रक्तदात्यांत मोठ्या व थोड्या बिंबाणूंची एक निरुपद्रवी आनुवंशिक अवस्था वर्णिली. ह्या माणसांना रक्तस्रावाचा त्रास नव्हता. २०११ सालच्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासातही बिंबाणूंच्या संख्येशी व आकारमानाशी संबद्ध अशी ६८ जनुकस्थाने आढळली. मुंबईसारख्या शहरात सर्व प्रांतांतील लोक एकाच रुग्णालयात येतात. तेथे रोग्यांचा गट एका समाजातून आणि तुलनेचा गट दुसऱ्या समाजातून आला, तर कोलेस्टेरॉलचा काडीमात्र संबंध नसतानाही आकारमानात फरक पडेल. त्यातच पावसाळ्यानंतरचे हिवताप आणि डेंग्यू बिंबाणूंची संख्या घटवितात, आणि ती पुन्हा भरून येताना मोठे, नवे बिंबाणू रक्तात येतात. नमुने कोणत्या महिन्यात घेतले, ही नोंददेखील म्हणून आवश्यक ठरते.

८

ह्या चिकित्सेतून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. स्टेरॉल द्रव्यांचा बिंबाणूंच्या निर्मितीवर परिणाम होतो, हे सिद्ध आहे. कोलेस्टेरॉलमुळे बिंबाणू अधिक उतावीळ होतात, ह्यालाही चांगला आधार आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्याने मनुष्याच्या बिंबाणूंचे आकारमान वाढते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. आणि ज्या रीतीने बहुसंख्य अभ्यास झाले, त्या रीतीने ते सिद्ध होणारही नाही. पूर्वसूरींचे श्रम ह्यामुळे व्यर्थ ठरत नाहीत. त्यांनी प्रश्न जिवंत ठेवला. आता तो नीट विचारण्याची जबाबदारी पुढच्यांची आहे.

नीट विचारण्यासाठी खर्चिक सामग्री लागते असेही नाही. रक्त काढल्याची व मोजल्याची वेळ मिनिटांत नोंदवावी. दोन्ही गटांचे नमुने एकाच यंत्रावर, मिसळून, कोणता नमुना कोणाचा हे मोजणाऱ्यास न कळू देता मोजावेत. काही नमुने ई.डी.टी.ए. आणि सायट्रेट अशा दोन्ही नळ्यांत घेऊन ताडावेत. बिंबाणूंची संख्या, रक्तशर्करा, धूम्रपान, रक्तदाब आणि अलीकडील ताप ह्यांची नोंद ठेवावी. कोणता सहसंबंध तपासावयाचा, हे आकडे पाहण्यापूर्वी लिहून ठेवावे. आणि उत्तर नकारार्थी आले, तर तेही तितक्याच आस्थेने प्रसिद्ध करावे. ह्यांपैकी कशालाही परदेशी यंत्र लागत नाही. एक घड्याळ, एक वही आणि थोडा संयम लागतो.

विद्यार्थ्याच्या प्रबंधास एवढी बंधने घातली, तर वर्षाकाठी होणाऱ्या प्रबंधांची संख्या कदाचित घटेल. परंतु अहवालातील एका आकड्यावर रोगी आपले जीवित सोपवीत असतो, आणि तो आकडा काय सांगतो व काय सांगत नाही, हे त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असावे, एवढी त्याची रास्त अपेक्षा आहे.